शेवंताबाईच्या होडीची मधली रेघ

माझं काम नेमकं काय, हे माझ्या माहेरी निमगाव केतकीत आजवर कुणालाही धड सांगता आलेलं नाही. थोरला भाऊ पाहुण्यांना सांगतो, "आमची बहीण कंप्युटरात हाय." झालं! मग मी माहेरी गेले की कुणी आधार कार्डावरची जन्मतारीख घेऊन येतो, कुणी सातबारा काढून दे म्हणतो, आणि एका आबांनी तर टीव्हीचा बिघडलेला रिमोट आणून माझ्या हातात ठेवला होता. मी तो दुरुस्त करून दिला. सेल उलटे घातले होते. तेव्हापासून गावात माझं नाव फार मोठं आहे.

तर एकदाचं खरं काम सांगून टाकते. बारामतीच्या एमआयडीसीत शेतीची अवजारं बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये, आमच्या भाषेत शॉपमध्ये, मी सव्वीस वर्षं ड्रॉइंग काढली. आधी बोर्ड, पेन्सिल आणि खोडरबर, मग कॉम्प्युटरवर कॅड, म्हणजे ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर. आधी मी रेघा मारायच्या, मग लेझरवर पत्रा कापायचा, मग वेल्डिंग, मग रंग. म्हणजे माझी रेघ चुकली की पुढच्या सगळ्यांची मेहनत भंगारात. एवढा मान दुसऱ्या कुठल्या बाईच्या रेघेला मिळत असेल असं मला वाटत नाही.

आता थोडी शाळा घेते, कंटाळू नका. कॅडमध्ये एखादी वस्तू बनवायची तर आधी सपाट चित्र काढतात, त्याला स्केच म्हणतात. एका मशीनला अशी पन्नास-साठ स्केचेस सहज लागतात. पहिल्या स्केचमध्ये मी एक मधली रेघ मारली. दुसऱ्या स्केचमध्ये तीच रेघ हवी आहे. मग दोन रस्ते. एक, ती तशीच पुन्हा काढायची, नाहीतर कॉपी मारून चिकटवायची. दोन, ती पहिल्याकडून उसनी घ्यायची. उसन्या रेघेची गंमत अशी, की ती मूळ रेघेला धरून राहते. मूळ रेघ सरकली की उसनीही सरकते. कॉपी मारलेली मात्र जागची हलत नाही. बाकी सगळं घर नव्या जागेत राहायला गेलं तरी ही बया जुन्याच दारात बसलेली.

आणि उसनी घ्यायची तीही मूळ मालकाकडून. शेताची हद्द मोजताना सगळ्यांनी एकाच दगडापासून मोजायचं असतं. याने त्याच्या बांधापासून, त्याने तिसऱ्याच्या बांधापासून असं मोजत गेलं, की पाचव्याच्या वाट्याची दोन हात जमीन कुठं जाते ते कुणालाच सापडत नाही, फक्त वकिलाला सापडते.

एक उदाहरण सांगते. अंथुर्ण्याचे एक आबा उसातल्या मशागतीचं यंत्र करून घ्यायला आले. चार फुटी सरी धरून मी सगळं ड्रॉइंग पुरं केलं, आणि मग आबा म्हणतात, "ताई, पोराचं म्हननं साडेचार फुटी करूया." आबांच्या खांद्यावर गाठोडं होतं. मी मूळ स्केचमधला सरीचा एक आकडा बदलला. फाळ, दांडे, चाकं, सगळी मंडळी सरकून आपापल्या जागी जाऊन उभी राहिली. आबा बघतच राहिले. मग गाठोडं सोडत म्हणाले, "आता ह्या भाकरींचं काय करू? बदलायला दोन दिस लागतील म्हनून मी दोन दिसांच्या बांधून आनल्यात." आम्ही सगळ्या शॉपने बसून खाल्ल्या. लसणाची चटणी होती, अजून जिभेवर आहे.

तर या उसनवारीवर माझा फार विश्वास. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाने माझा ओरडा खाल्लाय. कॉपी मारलेली रेघ दिसली की मी खुर्ची मागे सारून उभीच राहायचे. दुसरा माझा नियम शॉपसाठी होता. ड्रॉइंगवर शंका घ्यायची नाही, जसं आहे तसं बनवायचं. भिंतीवर तसा कागदच लावला होता मी. आता मला सांगा, इतकी शहाणी बाई एक ना एक दिवस तोंडावर आपटणार की नाही?

आपटले. पळसदेवला, चिखलात, साऱ्या गावासमोर.

शेवंताबाई तिथली. उजनी धरणाच्या पाण्यात मासेमारी करायची. नवरा दत्तू आणि ती, दोघांची मिळून एक पत्र्याची होडी. पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून दत्तूला ओढायचं, ढकलायचं, उचलायचं काम बंद. मासेमारी शेवंताबाई एकटी करू शकत होती, करतच होती. अडचण होती होडी हलवायची. उन्हाळ्यात पाणी रोज मागे जातं. आज काठाला लावलेली होडी चार दिवसांनी कोरड्या चिखलात बसलेली असते. ती पुन्हा पाण्यापर्यंत न्यायला चार गडी लागतात. दिराने, पोपटने, दोनदा माणसं आणली. तिसऱ्यांदा घरच्या सगळ्यांना बसवून म्हणाला, "वहिनीला होडी झेपत न्हाय. होडी मी चालवतो. तिनं बाजारात मासं इकायला बसावं." शेवंताबाई म्हणाली, माझी मी नेईन. तेव्हा पोपटने अट घातली. कुणाचा हात न लागता होडी पाण्यात घालून दाखवायची. जमलं तर होडी तिची, नाही जमलं तर त्याची. आणि दत्तू? दत्तू खाली बघत गप्प बसला होता. तिला पोपटपेक्षा दत्तूचाच राग जास्त आला होता.

हे सगळं तिने मला आमच्या शॉपमध्ये उभ्या उभ्या, एका दमात सांगितलं. मालकांना आम्ही तात्या म्हणायचो. तात्या म्हणाले, "आमी नांगर करतो बाई, होड्यांचं काय आमाला कळत न्हाय."

"नांगर वढायचा आन् होडी ढकलायची," शेवंताबाई म्हणाली, "त्यात एवढा काय फरक हाय?"

मला बाई तिथल्या तिथे आवडली. मी म्हटलं, करते.

गाडा करायचा ठरला. दोन रुंद टायर, लोखंडी सांगाडा, पुढे हाताने फिरवायची विंच म्हणजे दोर गुंडाळायची चरखी, मागे ढकलायला दांडा. आणि होडी मावेल असे यू आकाराचे आधार, त्यांना आमच्याकडे घोडे म्हणतात. होडी पुढे निमुळती, मागे रुंद, म्हणून प्रत्येक घोड्याचं माप वेगळं. आमचा फिटर गुलाबराव म्हणाला, "चार घोडं बास झालं." मी म्हटलं पाच. का पाच? खरं सांगायचं तर कागदावर पाच छान दिसत होते.

मोजायला मी आणि गुलाबराव पळसदेवला गेलो. गावातच पत्रा ठोकून केलेली होडी. डावी बाजू उजवीला ओळख देत नाही. म्हणून टोकापासून मागच्या फळीच्या मध्यापर्यंत आम्ही एक सुतळी ताणली. हीच आमची मधली रेघ, आमचा हद्दीचा दगड. सुतळीपासून डावीकडे किती, उजवीकडे किती, असं पाच ठिकाणी मोजायचं.

आता आमच्या शॉपची एक रीत सांगायला हवी. टेपच्या टोकाची पट्टी सैल होते, मग तिथलं माप खोटं येतं. म्हणून आमच्याकडे टेप टोकापासून लावत नाहीत, दहा सेंटिमीटरच्या खुणेपासून लावतात आणि आलेल्या आकड्यातून दहा वजा करतात. गुलाबराव आकडा ओरडायचा आणि दहा मी नंतर शॉपमध्ये वजा करायचे, हे आमचं वर्षानुवर्षांचं. त्या दिवशी ऊन असं होतं, की गुलाबरावाला माझी दया आली. मॅडम छत्रीत बसल्यात, त्यांच्या डोक्याला ताप नको, म्हणून माझा हा सज्जन गडी दहा वजा करूनच आकडे ओरडत राहिला. आणि मी छत्रीत बसून, शेवंताबाईने तळून आणलेला मासा खात, दहा नंतर वजा करू म्हणून ते तसेच लिहून घेत राहिले. तो मला बोलला नाही, मी त्याला विचारलं नाही. भांडणातून चुका होतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण आमची चूक निव्वळ प्रेमातून झाली.

शॉपमध्ये आल्यावर मी मूळ स्केच काढलं, मधली रेघ मारली, दोन्ही बाजूंची मापं टाकली. वजा करायचे दहा मी एकाच जागी, एक वेगळा आकडा म्हणून ठेवले होते. मग घोडे काढायला घेतले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, सगळ्यांनी मधली रेघ आणि मापं मूळ स्केचमधून उसनी घेतली. पाचव्याला घेताना कॉम्प्युटरने लाल अक्षरांत काहीतरी कुरकुर केली. तेवढ्यात तात्यांनी हाक मारली. मी इकडे तिकडे बघितलं. कुणी बघत नव्हतं. आणि मी... जाऊ दे, लिहितेच. मी कॉपी मारली. चौथ्याची नक्कल करून थोडी रुंदावली आणि मागे नेऊन ठेवली. वीस वर्षं लोकांना उपास सांगून बाईने स्वतः हळूच पेढा खाल्ला.

शेवंताबाई ड्रॉइंग बघायला एसटीने बारामतीला आली. तिच्यासाठी मी खास नटवून ठेवलं होतं. गाडा, त्यावर होडी, आणि आकार कळावा म्हणून होडीत मागच्या बाजूला बसलेला एक माणूस. कॅडमध्ये असे तयार पुतळे मिळतात.

"ह्यो बाप्या कोन?" तिने आधी हेच विचारलं.

"कुणी नाही हो, असाच. मापासाठी."

"माझ्या होडीत बाप्या नगं." मग तिने मान तिरकी करून बराच वेळ बघितलं. "ताई, ही माझी होडी न्हाय."

"तुमचीच आहे. मोजून आणलीय."

"माझ्या होडीत मी बसते आन् शेजारी माशाची पाटी बसती. ह्यो बाप्या एकटाच बसलाय तर दोनी बाजूनं घासतोय. पाटी काय डोक्यावर घ्यायची व्हय?"

मी हसण्यावारी नेणार होते, पण पुन्हा एकदा पडद्याकडे बघितलं. गुलाबरावाला हाक मारली. "गुलाबराव, टेपचे दहा?"

"वजा केलं की मी," तो अभिमानाने म्हणाला. "तुमाला तरास नगं म्हनून."

"मी पण केले!"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि मग जे हसत सुटलो, की तात्या धावत आले, त्यांना वाटलं कुणाला शॉक बसला. प्रत्येक बाजूला दहा, म्हणजे होडी वीस सेंटिमीटर बारीक झाली होती. पत्रा अजून कापला नव्हता ही देवाची कृपा, आणि त्या पाटीची.

मग मी शेवंताबाईला म्हटलं, "आता गंमत बघा." त्या एका जागच्या दहाचं शून्य केलं. होडी फुगली! तिच्याबरोबर घोडे एकामागून एक रुंद झाले. शेवंताबाईने टाळीच वाजवली. "पुन्यांदा करा की!" मी पुन्हा दहा केले, होडी बारीक. शून्य केले, होडी जाड. आम्ही चार वेळा केलं. वेल्डिंगवाले हातातलं काम टाकून बघायला आले. मला इतका चेव चढला होता, की मी उसन्या रेघेवर छोटंसं भाषणही दिलं.

आणि पाचवा घोडा? तो कॉपीचा. तो जागचा हलला नाही. पण होडी त्याच्यावर फुगली, आणि तो होडीच्या पोटात गडप झाला. बाहेरून दिसेना. एकमेकांत घुसलेले भाग शोधायची तपासणी कॉम्प्युटरमध्ये असते, एक बटण दाबायचं असतं. मी टाळ्या घेत होते.

ठरल्या दिवशी गाडा टेम्पोतून पळसदेवला पोचला. काठावर ही गर्दी! पाणी बरंच खाली गेलेलं, होडी वर चिखलाच्या कडेला. पोपट शर्टाच्या बाह्या सरसावून उभा. दत्तू एका दगडावर पाठीला पट्टा लावून बसलेला. मी गाड्याकडे निघाले तर पोपट म्हणाला, "मॅडम, तुमी लांबच ऱ्हावा. हात लावायचा न्हाय ठरलंय."

शेवंताबाईने पदर खोचला, गाडा होडीच्या टोकाला भिडवला, विंचेचा दोर अडकवला आणि चरखी फिरवायला लागली. होडी निघाली! टोक आधी मागच्या, पाचव्या घोड्यातून आत शिरलं, मग चौथ्यातून, मग तिसऱ्यातून. लोक "व्हय व्हय व्हय" करायला लागले. आणि अर्ध्यात होडी कचकन थांबली. तिने जोर लावला, दोर ताणला, गाडा कुरकुरला, होडी ढिम्म. बोटाच्या पेरात अडकलेल्या अंगठीसारखी पाचव्या घोड्यात अडकून बसली.

मला एका क्षणात सगळं कळलं. लाल अक्षरं, तात्यांची हाक, कॉपी, सगळं. मी गुलाबरावाकडे बघितलं. तो पुटपुटला, "मला दिसलं हुतं, पाचवा चौथ्यापेक्षा बारीक हाय म्हनून."

"मग बोलला का नाहीत?"

"ड्रॉइंगवर शंका घ्यायची न्हाय, असा कागद लावलाय न्हवं तुमी?"

पोपट हसत होता. "झेपत न्हाय म्हनलं हुतं मी," तो लोकांना सांगत होता. तिची होडी माझ्यामुळे जाणार, एवढंच मला दिसत होतं. रडू यायला लागलं. मी ओरडले, "शेवंताबाई, माझी चूक झाली! पाचवा घोडा चुकलाय माझा!"

तिने कपाळाचा घाम पुसला आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, दुकानदाराकडे बघावं तसं. "ह्यो काढला तर चालंल का?"

कॉम्प्युटर नाही, कागद नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला उभ्या उभ्या, साऱ्या गावासमोर उत्तर द्यायचं होतं. मी डोळ्यांनीच होडी तोलली. चार घोडं बास झालं, गुलाबराव म्हणालाच होता.

"चालेल! वजन मध्ये ठेवा, मागे नको."

तिने चरखी सैल सोडली आणि गाडाच उताराकडे ओढून होडी मोकळी केली. गाड्याला लावलेल्या अवजारांच्या डब्यातून पाना काढला, चार बोल्ट सोडले आणि माझा देखणा पाचवा घोडा उचलून चिखलात भिरकावला. आयुष्यात माझ्या कामाचा असा अपमान कुणी केला नाही, आणि मला इतका आनंदही कधी झाला नाही. पुन्हा चरखी. होडी सुळकन चार घोड्यांवर जाऊन बसली. मी आणि गुलाबराव एकमेकांचे हात धरून उड्या मारत होतो, पन्नाशी उलटलेली दोन माणसं.

शेवंताबाईने दांड्याला हात घातला, आणि थांबली. दगडावर बसलेल्या नवऱ्याकडे बघून म्हणाली, "बसा आत."

"मी?" दत्तू म्हणाला.

"ढकलायचं बंद हाय तुमचं. बसायचं कुठं बंद हाय? ताई म्हनल्यात, वजन मधी पायजे. चला."

गर्दीत हशा पिकला. दत्तू लाजत लाजत, शिडीवर चढावं तसा होडीत चढला आणि मध्ये बसला. आठ महिन्यांनी. शेवंताबाईने नवऱ्यासकट होडी ढकलली. रुंद टायर चिखलावरून डुलत डुलत निघाले, उतार होता, ती मागे रेटून गाडा आवरत होती, आणि दत्तू दोन्ही हातांनी कडा धरून नवरदेवासारखा बसला होता. पोरीबाळी मागून पळत होत्या. गाडा पाण्यात शिरला. पाणी घोड्यांपर्यंत आलं, तिने दोर सोडला, आणि होडी आपसूक उचलली गेली, तरंगायला लागली.

पोपट बाह्या खाली घेत राहिला.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "आरं वल्हं! वल्हं काठावरच ऱ्हायलं!"

होडी दत्तूला घेऊन हळूहळू आत चालली होती. तो हाताने पाणी मारत होता, होडी गोल फिरत होती. शेवंताबाई काठावर आली, वल्हं उचललं, पुन्हा मांडीभर पाण्यात गेली आणि तिथेच उभी राहिली. वल्हं खांद्यावर.

"होडी कुनाची?" तिने विचारलं.

"आगं दे की वल्हं!"

"होडी कुनाची?"

"तुजी," तो म्हणाला.

"त्या दिशी आवाज न्हवता फुटला, आज तरी मोठ्यानं बोला. काठावर ऐकू जाईना."

दत्तूने एकदा काठाकडे बघितलं, भावाकडे बघितलं, आणि ज्या मणक्याला डॉक्टरांनी ताण द्यायचा नाही म्हणून बजावलं होतं तो ताठ करून, दोन्ही हातांचा भोंगा करून ओरडला, "तुजी! होडी तुजी हाय, शेवंता!"

मग तिने वल्हं पुढे केलं.